बायनॉक्युलर मायक्रोस्कोप घेताना कोणता भाग कसा पारखायचा?

जलबिंदू

नमस्कार मंडळी. तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्मजीव, देठा-मुळांचे पातळ काप आणि अधूनमधून रंगवलेल्या रक्ताच्या स्लाइड पाहण्यासाठी बायनॉक्युलर मायक्रोस्कोप घ्यायचा आहे. माहितीपत्रकं समोर घेऊन बसलं की गोंधळ वाढतच जातो. एकावर २०००× लिहिलंय, दुसऱ्यावर फक्त १०००×, आणि तरी जाणकार दुसराच चांगला म्हणतात. सीडेनटॉफ हेड, प्लॅन अ‍ॅक्रोमॅट, इन्फिनिटी, अ‍ॅबे कंडेन्सर एन.ए. १.२५, एफ.एन. १८ की २०... यातल्या कशाने डोळ्यांना खरोखर फरक जाणवतो आणि काय नुसतं कागदावर छान दिसतं? तडजोड कुठे अजिबात करू नये, कुठे केली तर चालेल? चष्मा आहे आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

काचपट्टी

आधी २०००× चा विषय संपवू. ऑब्जेक्टिव्ह म्हणजे स्लाइडजवळचं भिंग आणि आयपीस म्हणजे डोळ्याजवळचं; ऑब्जेक्टिव्हचा आकडा गुणिले आयपीसचा आकडा म्हणजे एकूण वर्धन. शंभरच्या भिंगावर २०× चा आयपीस बसवला की कागदावर २०००× तयार. त्यात नवा बारकावा एकही दिसत नाही, आहे तोच धूसर डाग दुप्पट मोठा होतो. बारकावा ठरतो एन.ए. वर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश आत घेतं त्यावर. हिशेब असा: ०.६१ गुणिले तरंगलांबी भागिले एन.ए. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरा. एन.ए. ०.२५ च्या १०× भिंगातून साधारण १.३ मायक्रॉन अंतरावरचे दोन ठिपके सुटे दिसतात, ०.६५ च्या ४०× मधून ०.५ मायक्रॉन अंतरावरचे, आणि १.२५ च्या तेलाच्या भिंगातून ०.२७ मायक्रॉन अंतरावरचे. त्याहून जवळचे ठिपके एकमेकांत मिसळतात, मग आयपीस कुठलाही लावा.

एकूण वर्धन एन.ए.च्या ५०० ते १००० पटींच्या दरम्यान असावं असा जुना, पक्का नियम आहे. ०.६५ साठी ते ३२५ ते ६५०, म्हणजे ४०× वर १०× चा आयपीस नेमका बसतो. १.२५ साठी ६२५ ते १२५०, तिथेही १०× पुरतो. म्हणून १०× च्या चांगल्या आयपीसची एकच जोडी घ्या. सोबत १६× किंवा २०× ची जोडी येत असेल तर तिला महत्त्व देऊ नका.

दुसरं, तुमच्या कामाला कंपाउंड मायक्रोस्कोपच लागेल. काही जण बायनॉक्युलर म्हटलं की खोली दिसेल असं धरून चालतात. कंपाउंडमध्ये खाली ऑब्जेक्टिव्ह एकच असतं, वर प्रिझम त्या एकाच प्रतिमेचे दोन भाग करून दोन डोळ्यांना देतं. दोन्ही डोळ्यांना तंतोतंत तेच दिसतं, त्यामुळे खोली नाही, पण तासभर पाहिलं तरी डोळे थकत नाहीत. खोली हवी असेल तर स्टिरिओ मायक्रोस्कोप. त्यात दोन्ही डोळ्यांचे प्रकाशमार्ग वेगळे असतात आणि वर्धन साधारण ७ ते ४५ पट. फूल, किडा, दगड यांसाठी तो उत्तम, पेशी त्यात दिसणार नाहीत.

आता ऑब्जेक्टिव्ह हातात घेऊन त्यावर कोरलेलं वाचायला शिका, कारण खरी माहिती तिथेच असते. समजा 'प्लॅन ४०/०.६५' आणि खाली '१६०/०.१७' असं आहे. ४० हे वर्धन, ०.६५ एन.ए., १६० म्हणजे १६० मिलिमीटर नळीसाठी बनवलेलं, आणि ०.१७ म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठी, म्हणजे नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेसाठी. १६० च्या जागी आडवा आठ असेल तर ते इन्फिनिटी भिंग. रंगीत पट्टा वर्धन सांगतो: ४× लाल, १०× पिवळा, २०× हिरवा, ४०× फिकट निळा, १००× पांढरा. तेलाच्या भिंगाच्या टोकाजवळ बहुधा काळा पट्टा असतो.

तो ०.१७ आकडा बहुतेक जण वाचून सोडून देतात, आणि ४०× 'धुकट' दिसण्याचं निम्मं कारण तिथेच असतं. ४× आणि १०× ला कव्हरस्लिपच्या जाडीने काही बिघडत नाही. ०.६५ ला दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकसुद्धा प्रतिमेची धार बोथट करतो. कव्हरस्लिप 'क्रमांक १.५' ची घ्या, ती ०.१६ ते ०.१९ असते. 'क्रमांक १' ची ०.१३ ते ०.१६ असते. तळ्याचं पाणी पाहताना आणखी एक होतं: जीव कव्हरस्लिपखाली पाण्याच्या जाड थरात खोल असेल तर तो थरही काचेसारखाच भर घालतो. थेंब लहान घ्या, कडेने टिपकागद लावून जास्तीचं पाणी काढा. त्याच जीवाची केसाळ कड एकदम ठसठशीत होते.

रक्ताच्या स्लाइडवर उलटं. पसरलेल्या थरावर कव्हरस्लिप नसतेच, म्हणून ४०× कोरडं भिंग तिथे धूसर दिसतं. भिंग खराब नसतं. थरावर तेलाचा बारीक थेंब टाकून वर कव्हरस्लिप ठेवली आणि मग ४०× ने पाहिलं की पेशींच्या कडा लगेच सुधारतात. मात्र कव्हरस्लिपच्या वर तेल येऊ देऊ नका. १००× तेलाच्या भिंगाला हा प्रश्न येत नाही, कारण तेलाचा अपवर्तनांक १.५१५ म्हणजे जवळपास काचेइतकाच.

माझ्या मते क्रम असा: आधी ऑब्जेक्टिव्ह, मग कंडेन्सर (स्लाइडखालून प्रकाश एकवटणारं भिंग), मग हेड (वरचा दोन नळ्यांचा भाग), मग स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच). दिव्याचा प्रकार, पेटी आणि सोबतच्या तयार स्लाइड यांचा विचार शेवटी.

कवडसा

काचपट्टी यांनी कंडेन्सरला दुसरा क्रमांक दिला, मी त्याला ऑब्जेक्टिव्हच्या शेजारी बसवेन. ०.६५ चं भिंग तेवढ्या कोनातून प्रकाश आला तरच ०.६५ चं काम करतं. खालचा कंडेन्सर तो प्रकाश देतो. घेताना तीन गोष्टी बघा. कंडेन्सर वर-खाली करायला स्वतंत्र नॉब आहे का. त्यात पाकळ्यांचा डायफ्रॅम, म्हणजे प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारा पडदा, आहे का, की नुसती भोकांची फिरती चकती आहे. आणि त्याला मध्यावर आणायचे दोन स्क्रू आहेत का. कंडेन्सर पक्का बसवलेला आणि खाली भोकांची चकती, असं दोन्ही एकत्र दिसलं की तो मायक्रोस्कोप बाजूला ठेवा, त्यावर आयपीस दोन असले तरी.

कंडेन्सरच्या १.२५ या आकड्याबद्दल एक खुलासा. कंडेन्सर आणि स्लाइड यांच्यामध्ये हवा असेल तर एन.ए. १.० च्या पुढे जाऊच शकत नाही, व्यवहारात ०.९ च्या आसपास राहतो. १.२५ मिळवायला कंडेन्सरच्या माथ्यावरही तेल लावावं लागतं. रोजच्या कामाला त्याची गरज नाही, कोरड्या कंडेन्सरवर रक्ताच्या पेशी व्यवस्थित दिसतात.

डायफ्रॅमचा गैरवापर तर सर्रास होतो. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून लोक डायफ्रॅम मिटतात. उजेड कमी होतो खरा, पण प्रत्येक कडेला जाड काळी रेघ येते, तिच्या बाहेर दुसरी फिकट रेघ दिसते आणि बारकावा जातो. उजेड दिव्याच्या नॉबने कमी करायचा. डायफ्रॅम लावायची पद्धत ही: स्लाइड फोकस झाल्यावर एक आयपीस काढा आणि रिकाम्या नळीतून खाली बघा. भिंगाच्या मागे उजेडाची गोल चकती दिसेल. डायफ्रॅम हळूहळू मिटत आणा आणि चकतीचा व्यास पाऊण, फार तर दोन तृतीयांश उरला की थांबा. आयपीस परत बसवा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे पुन्हा करायचं, कारण प्रत्येकाचा एन.ए. वेगळा. रंग न दिलेले पारदर्शक जीव पाहताना थोडं जास्त मिटवलं तर चालतं, तिथे उठाव मिळवण्यासाठी थोडा बारकावा सोडावा लागतो.

तळातल्या दिव्यावरही वेगळा डायफ्रॅम असेल, म्हणजे फील्ड डायफ्रॅम, तर कोलर पद्धतीची प्रकाशयोजना करता येते. ऑगस्ट कोलर यांनी १८९३ मध्ये मांडलेली ही पद्धत एकदा हाताला बसली की दोन मिनिटांचं काम आहे. १०× वर स्लाइड फोकस करा. खालचा फील्ड डायफ्रॅम पूर्ण मिटवा, मध्ये उजेडाचा धूसर ठिपका दिसेल. कंडेन्सर वर-खाली करत त्या ठिपक्याच्या कोनदार कडा स्वच्छ करा. बहुतेक वेळा कंडेन्सर अगदी वरच्या टोकापासून किंचित खाली असतो. मग दोन स्क्रूंनी ठिपका मधोमध आणा. शेवटी फील्ड डायफ्रॅम उघडत न्या, त्याच्या कडा दृश्याबाहेर जातील इतपतच, जास्त नाही. जास्त उघडला तर आजूबाजूचा फालतू प्रकाश आत शिरून प्रतिमा फिकी पडते.

फील्ड डायफ्रॅम नसलेल्या यंत्रावरही काम अडत नाही. दिव्याच्या काचेवर पेन्सिलीचं टोक धरा आणि स्लाइडच्या प्रतिमेसोबत तेही स्पष्ट दिसेपर्यंत कंडेन्सर हलवा. पेन्सिल काढा. दिव्याच्या काचेवरची धूळ दिसायला लागली तर कंडेन्सर केसभर खाली घ्या.

४× वर कडेला अंधार दिसला तर घाबरू नका. अ‍ॅबे कंडेन्सर वर असताना तो एवढं मोठं दृश्य उजळू शकत नाही. कंडेन्सर खाली घ्या, नाहीतर वरचं भिंग बाजूला फिरवायची सोय असेल तर फिरवा.

दिवा: एलईडी सोयीचा, तापत नाही आणि उजेड कमी-जास्त केला तरी रंग बदलत नाही. हॅलोजन मंद केला की पिवळा पडतो, म्हणून त्यासोबत निळा फिल्टर लागतो. एलईडीत एकच खोड असू शकते: काही स्वस्त दिव्यांत उजेड कमी करताना तो वेगाने चालू-बंद केला जातो. डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसतात. घेताना मोबाइलचा कॅमेरा आयपीसवर धरून, उजेड अर्ध्यावर ठेवून बघा. आरशावर चालणारा बायनॉक्युलर मात्र नको. बायनॉक्युलरमध्ये एकाच ऑब्जेक्टिव्हचा प्रकाश दोन डोळ्यांत वाटला जातो, आणि प्रतिमेचा उजेड एन.ए. भागिले वर्धन याच्या वर्गाप्रमाणे ठरतो. त्या हिशेबाने १०×/०.२५ च्या मानाने १००×/१.२५ वर फक्त चौथा हिस्सा उरतो.

दोननळी

हेड आणि डोळे यांबद्दल लिहितो, कारण चष्म्याचा प्रश्न राहिला.

दोन्ही आयपीसमधलं अंतर जुळवायच्या दोन रीती आहेत. एकात दोन्ही नळ्या सरळ आडव्या सरकतात. दुसऱ्यात त्या मधल्या बिजागरीभोवती दुर्बिणीसारख्या वळतात, तेच सीडेनटॉफ हेड. नुसता दिखाऊ फरक नाही हा. सरकत्या हेडमध्ये अंतर बदललं की प्रकाशमार्गाची लांबीही बदलते. म्हणून अशा हेडवर अंतराची पट्टी असते, तिच्यावर समजा ६४ आलं तर दोन्ही नळ्यांच्या कड्यांवरही ६४ लावायचं असतं. हे कुणी करत नाही आणि मग १०× वरून ४०× वर गेलं की फोकस सुटतो. सीडेनटॉफमध्ये लांबी कायम राहते. एकापेक्षा जास्त माणसं वापरणार असतील तर सीडेनटॉफच घ्या.

अंतराची मर्यादा बघा. ५० ते ७५ मिलिमीटर असेल तर बहुतेक मोठ्या माणसांना पुरतं. लहान मुलं वापरणार असतील तर खालची मर्यादा ४८ किंवा त्याहून कमी असलेलं शोधा, नाहीतर मूल एकाच डोळ्याने पाहत राहतं. नळ्यांचा तिरपेपणा ३०° असला तर मान कमी वाकते. हेड गोल फिरून कुठल्याही दिशेला घट्ट होणारं असावं.

चष्म्याचं असं: जवळचा किंवा दूरचा नंबर असेल तर चष्मा काढून पाहता येतं, डाव्या-उजव्या डोळ्यातला फरक डायऑप्टर कडं भरून काढतं. सिलिंड्रिकल नंबर मात्र कड्याने जात नाही. तो लक्षात येण्याइतका असेल तर चष्मा ठेवूनच पाहावं लागेल, आणि त्यासाठी आयपीस 'हाय आयपॉइंट' हवा. त्यावर चष्म्याचं छोटं चित्र कोरलेलं असतं. अशा आयपीसमध्ये डोळा भिंगापासून दीड-दोन सेंटिमीटर लांब असला तरी पूर्ण गोल दिसतो. साध्या आयपीसमध्ये चष्म्यातून दृश्याचा मधलाच भाग दिसेल आणि चष्म्याच्या काचेवर ओरखडे पडतील ते वेगळंच. रबरी कडा असतील तर त्या दुमडून ठेवा.

जुळवणी अशी करा, हा क्रम चुकवू नका. डायऑप्टर कडं शून्यावर. ४०× लावा, कारण तिथे फोकसची खोली कमी असते आणि चूक लगेच कळते. ज्या नळीला कडं नाही त्या बाजूच्या डोळ्याने पाहत छोट्या नॉबने फोकस करा. दुसऱ्या डोळ्यासमोर हात धरा, तो घट्ट मिटू नका, मिटला की पाहणाऱ्या डोळ्यावरही ताण येतो. आता दुसरा डोळा, आणि या वेळी नॉबला हात न लावता फक्त कडं फिरवा. मग दोन्ही डोळे उघडून दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत नळ्या जवळ-लांब करा. तुमचा अंतराचा आकडा आणि कड्याची खूण कुठेतरी लिहून ठेवा.

एफ.एन. म्हणजे आयपीसमधून दिसणाऱ्या गोलाचा मिलिमीटरमधला आकडा. त्याला ऑब्जेक्टिव्हने भागलं की स्लाइडवर खरोखर किती दिसतं ते येतं: १८ ला ४० ने भागा, ०.४५ मिलिमीटर. २० असेल तर ०.५. फरक लहान वाटतो, पण क्षेत्रफळात तो २३ टक्क्यांचा आहे आणि पाण्यात पळणारा जीव शोधताना जाणवतो. १८ वर काम छान होतं, २० मिळालं तर उत्तम, २२ तेव्हाच जेव्हा ऑब्जेक्टिव्ह प्लॅन, म्हणजे कडेपर्यंत स्वच्छ दृश्य देणारी, असतील. नाहीतर जास्तीची कड धूसरच दिसायची.

प्लॅन घ्यायचं की साधं, यावर माझं मत असं. साध्या अ‍ॅक्रोमॅटमध्ये मधला साधारण दोन तृतीयांश भाग स्वच्छ आणि कड धूसर असते. कड फोकस केली की मध्य जातो. पाण्यातले जीव पाहताना हात सतत फोकसवरच असतो, तिथे हे खटकत नाही. रक्ताचा थर ओळीने तपासायचा, पेशी मोजायच्या किंवा फोटो काढायचे तर प्लॅन हवंच. सगळी प्लॅन परवडत नसतील तर ४०× आणि १००× प्लॅन घ्या, ४× साधं चालेल. सेमी-प्लॅन हे दोघांच्या मधलं.

काचपट्टी

प्लॅनचं पटलं. एकच जोडतो: साधं अ‍ॅक्रोमॅट आणि प्लॅन या दोन्हींवर एन.ए. सारखाच, ०.६५ असेल तर मध्यभागी बारकावा दोन्हींत तेवढाच दिसतो. प्लॅन म्हणजे जास्त तीक्ष्ण असं समजून कुणी घेऊ नये.

इन्फिनिटीबद्दल थोडक्यात. यात ऑब्जेक्टिव्हमधून प्रकाश समांतर निघतो आणि वरच्या ट्यूब लेन्सने प्रतिमा बनते. मधल्या जागेत फिल्टर, ध्रुवक वगैरे बसवता येतात. पुढेमागे फेज कॉन्ट्रास्ट, ध्रुवित प्रकाश किंवा फ्लुओरेसन्सकडे जायचं असेल तर घ्या. साध्या प्रकाशात पाहायला चांगलं १६० चं भिंग आणि चांगलं इन्फिनिटी भिंग यांत डोळ्यांना फरक कळणार नाही. मात्र दोन्हींची सरमिसळ करू नका. आटे बहुधा सारखेच असतात, २०.३२ मिलिमीटर व्यासाचे, त्यामुळे भिंग बिनधास्त बसतं आणि मग प्रतिमा मऊ दिसते. इन्फिनिटीतही कंपन्यांच्या ट्यूब लेन्स वेगळ्या: निकॉन आणि लायका २०० मिलिमीटर, ऑलिंपस १८०, झाइस १६५. एकाचं भिंग दुसऱ्यावर लावलं तर छापलेलं वर्धन खोटं ठरतं.

जलबिंदू

इतकं सविस्तर कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, मनापासून आभार. आणखी दोन शंका. वापरलेला पण चांगल्या जातीचा मायक्रोस्कोप घ्यायचा झाला तर समोर बसून काय काय तपासायचं? आणि काही बायनॉक्युलरमध्ये पाहिलं की प्रतिमा दोन दिसतात, डोळे दुखतात, ते माझ्या डोळ्यांमुळे की यंत्रामुळे, हे कसं ओळखायचं?

दोननळी

दुसऱ्या शंकेपासून. अंतर आणि डायऑप्टर नीट लावूनही दोन दिसत असतील तर बहुधा हेडमधलं प्रिझम हललेलं असतं. यंत्र पडलं किंवा आपटलं की हे होतं. तपासणी अशी: १०× वर धुळीचा एक कण उजव्या डोळ्याच्या गोलात बरोबर मध्यावर आणा. आता फक्त डाव्या डोळ्याने बघा. कण तिथेही मध्याजवळच हवा. सरकलेला दिसला तर दोन्ही आयपीसची अदलाबदल करा. सरक आयपीसबरोबर दुसऱ्या नळीत गेली तर दोष आयपीसचा, जागच्या जागी राहिली तर हेडचा. आडवी थोडी सरक डोळे सांभाळून घेतात. उभी सरक, म्हणजे एका डोळ्याला कण वर आणि दुसऱ्याला खाली, ही डोळ्यांना जुळवताच येत नाही आणि तिनेच डोकं धरतं. नळ्या पूर्ण जवळ आणि पूर्ण लांब, दोन्ही टोकांना हीच तपासणी करा. अंतर बदलताना सरक वाढत असेल तर ते हेड घेऊ नका. हेड स्वतः उघडून प्रिझम बसवायच्या फंदात पडू नका, त्यासाठी जुळवणीचं वेगळं उपकरण लागतं.

कवडसा

वापरलेल्या यंत्राची तपासणी मी या क्रमाने करतो.

दिवा बंद, हेड काढून टॉर्चच्या तिरप्या उजेडात प्रिझम आणि भिंगं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर बुरशी. दमट जागेत बंद लाकडी पेटीत ठेवलेल्या यंत्रात ती हमखास सापडते. बाहेरच्या पृष्ठभागावर नुकती आलेली पुसता येते. आतली किंवा लेप खाल्लेली जात नाही.

मग ४०× काढून हातात घ्या. वापरलेल्या यंत्रात सर्वांत जास्त मार याच भिंगाने खाल्लेला असतो: हे कोरडं भिंग, काम करायचं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि १००× वर तेल घातल्यावर परत फिरवताना ते तेलातून ओढलं जातं. आयपीस उलटा धरून त्याला भिंगासारखं वापरा आणि ४०× चं टोक जवळून बघा. पुढची इवलीशी काच स्वच्छ, काळी चमकदार दिसली पाहिजे. तिच्यावर पिवळट साय किंवा कडेने तपकिरी वलय दिसलं तर ते वाळलेलं तेल. लेन्सच्या कागदाची सुरळी करून टोक जेमतेम ओलं होईल इतका लेन्स क्लीनर घ्या आणि मध्यापासून बाहेर गोल फिरवत पुसा. प्रत्येक वेळी नवी सुरळी. अ‍ॅसिटोन नको, ते भिंगं चिकटवलेला सिमेंट आणि प्लास्टिक दोन्ही खातं. तीन-चार वेळा पुसूनही धुकट राहिलं तर तेल आत झिरपलंय, भिंग बदलायचंच.

त्याच भिंगाचं टोक बोटाने कडेवर हलकं दाबा. स्प्रिंगवर आत जाऊन सुळकन परत आलं पाहिजे. तेलाने अडकून आतच राहिलं असेल तर १०× वरून ४०× वर गेल्यावर फोकस फार लांब सुटतो आणि माणूस नोजपीसला, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह बसवलेल्या फिरत्या चकतीला, दोष देत बसतो.

मोठ्या नॉबने स्टेज वर घ्या आणि हात सोडून मिनिटभर थांबा. फोकस आपोआप सुटत गेला तर स्टेज खाली घसरतेय. यावर नॉबजवळचं घट्टपणाचं कडं थोडं आवळलं की बहुधा भागतं. दोन बाजूंचे नॉब एकमेकांच्या विरुद्ध फिरवून कधीच घट्ट करू नका, दात मोडतात. छोटा नॉब दोन्ही दिशांना सारखा फिरला पाहिजे, मध्येच जड किंवा पोकळ लागता कामा नये. त्यावर सहसा एक घर २ मायक्रॉनचं असतं. एक घर फिरवलं आणि प्रतिमा जागची हललीच नाही, मग अचानक उडी मारली, तर ग्रीस वाळलंय किंवा दात झिजलेत.

नोजपीस फिरवताना प्रत्येक भिंग टचकन जागेवर बसलं पाहिजे. १०× वर मध्यावर आणलेला कण ४०× वरही गोलाच्या मधल्या तिसऱ्या भागात राहावा. एकाच भिंगाला तो दूर जात असेल तर आधी ते भिंग आट्यांवर पूर्ण बसलंय का बघा. भिंग नेहमी नोजपीसच्या कडेला धरून फिरवा, भिंगाला धरून नाही.

प्रतिमेत डाग दिसत असतील तर तो कुठला ते शोधणं सोपं आहे. आयपीस फिरवला आणि डाग फिरला तर आयपीसचा. स्लाइड सरकवल्यावर सरकला तर स्लाइडचा. कंडेन्सर वर-खाली केल्यावर फुगला किंवा विरला तर कंडेन्सर किंवा दिव्याचा. कशानेच हलत नाही आणि भिंग बदललं की नाहीसा होतो, तो ऑब्जेक्टिव्हचा.

आणि एक, जुन्या बाटलीतलं सीडारवुड तेल सोबत मिळालं तर वापरू नका, ते वाळून डिंकासारखं घट्ट होतं. न वाळणारं कृत्रिम तेल घ्या आणि काम संपल्यावर १००× लगेच पुसा.

काचपट्टी

यंत्र ठरलं की त्यासोबत दोन लहान गोष्टी घ्या: आयपीसमध्ये बसणारी मोजपट्टीची चकती आणि स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे १ मिलिमीटरचे १०० भाग कोरलेली स्लाइड. आयपीसची मोजपट्टी स्वतः काहीच मोजत नाही, तिला प्रत्येक ऑब्जेक्टिव्हवर किंमत द्यावी लागते. स्टेज मायक्रोमीटर फोकस करा, आयपीस फिरवून दोन्ही पट्ट्या समांतर आणा, शून्याची रेघ शून्यावर. ४०× वर आयपीसची १०० घरं स्टेजच्या २५ घरांवर बसली समजा. स्टेजचं एक घर १० मायक्रॉन, म्हणजे २५० मायक्रॉन भागिले १००, एका घराला २.५ मायक्रॉन. मग लाल रक्तपेशी, जी ७ ते ८ मायक्रॉन असते, सुमारे तीन घरं व्यापेल. तसं न दिसलं तर हिशेब पुन्हा तपासा. मात्र वाळलेल्या थराचा जाड भाग निवडू नका, तिथे पेशी आक्रसलेल्या असतात. चारही भिंगांच्या किमती काढून कागदावर लिहा आणि यंत्राच्या बाहूवर चिकटवा. हेड सरकत्या नळ्यांचं असेल तर त्याच कागदावर डोळ्यांतल्या अंतराचा आकडाही लिहा. तो बदलला आणि नळ्यांची कडी त्या आकड्यावर आणली नाहीत, तर या किमती जुळणार नाहीत.